सुभेदार जाधवांचं शनिवारचं इन्स्पेक्शन

शिवडीला माझी बदली झाली तेव्हा मुंबई द्विभाषिक राज्यात होती आणि लालबाग-परळच्या भिंतींवर नवी घोषणा लिहायला जागा उरली नव्हती. मी मूळचा गिरगावचा. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. गिरगावकराला एक रोग असतो, आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. मी मॅट्रिक पास, हवालदार, वय अठ्ठावीस. रोग पुरता जडलेला होता. शिवडीत तो उतरला. कसा उतरला ते लिहितो.

आमचं डिटॅचमेंट बॉम्ब डिस्पोजलचं, म्हणजे न फुटलेले बॉम्ब निकामी करणारी छोटी तुकडी. एक सुभेदार, एक हवालदार म्हणजे मी, आणि बारा जवान. बंदराच्या गोदामांमागे पत्र्याच्या दोन शेड, एक तीन-टनी गाडी, एक पंप, वाळूच्या पिशव्या आणि फील्ड टेलिफोनचे दोन सेट. महायुद्धाच्या वर्षांत बंदरात जे बुडालं, सांडलं, हरवलं, ते भरती-ओहोटीने कधीतरी वर यायचं. कुर्ल्या पकडणाऱ्याच्या पायाला लागायचं. मग आम्हाला फोन. दहापैकी आठ वेळा ते बॉयलरचं झाकण निघायचं. उरलेल्या दोन वेळांसाठी सरकार आम्हाला पोसत होतं.

दिवस असा. साडेपाचला उठणं, सहाला पीटी, साडेसातला नाश्ता, आठपासून हत्यारांची साफसफाई आणि जुन्या, निकामी फ्यूजवर, म्हणजे बॉम्ब पेटवणाऱ्या कळीवर, हाताचा सराव. आठवड्यातून एकदा शहरात जायची सुटी. त्या दिवसांत वर्दी घालून ट्रामने परळला जायचं म्हणजे शिक्षाच होती. मोर्चांवरचे गोळीबार पोलिसांनी केले होते, फौजेने नव्हे. पण ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना हा फरक समजावून सांगायला कोण जाणार? एकदा एका म्हाताऱ्या बाईने मला ट्रामच्या बाकावरून खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तू कुनाच्या बाजूचा रे?" मी दोन स्टॉप आधी उतरलो.

सुभेदार जाधव परळच्या चाळीतले. वय बेचाळीस. बुटके, काळेसावळे, मिशी कातरलेली. बर्मा बघून आलेले. वर्षभरापूर्वी सबंध घराने धम्मदीक्षा घेतली होती. शाळा चौथीपर्यंत. आवाज इतका सावकाश, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत मी मनात तीन उत्तरं तयार करून ठेवायचो. पहिला महिना मला वाटत होतं, माणूस चांगला आहे, पण जरा मंद आहे.

दर शनिवारी सकाळी सातला किट इन्स्पेक्शन. फौजेत ते सगळीकडे असतं. जवान खाटेवर ब्लँकेट अंथरतो, त्यावर आपलं सामान ठरलेल्या क्रमाने मांडतो आणि बाजूला सावधान उभा राहतो. साहेब येतात, बूट उलटे करून खिळे बघतात, मेसटिनमध्ये, म्हणजे जेवणाच्या डब्यात, बोट फिरवतात आणि पुढे जातात. एका खाटेला एक मिनिट. जाधवांना दहा मिनिटं लागायची. ते बाकीच्यांना शेडबाहेर काढायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि जवानालाही बसवायचे. वह्या धरायला मी तेवढा आत.

मग ते एकेक वस्तू हातात घ्यायचे आणि विचारायचे. बूट उचलला की तब्येत. मेसटिन उचललं की पोट, जेवण. सुई-दोऱ्याची जी छोटी पिशवी मिळते तिला फौजेत हाऊसवाइफ म्हणतात. ती उचलली की घरदार. मच्छरदाणी म्हणजे झोप. पाण्याची बाटली म्हणजे सोबती, कारण वेळेला ती एकमेकांची प्यायची असते. कंबरपट्टा म्हणजे नोकरी. सहा वस्तू, सहा प्रश्न. शेवटी ब्लँकेटच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून सातवा प्रश्न: "आणि याशिवाय?"

आमच्यात सावंत नावाचा एक सॅपर, म्हणजे साधा जवान, होता. त्याचं इन्स्पेक्शन म्हणजे तमाशाच.

"बूट?"

"उजव्या पायाला भोवरी झालीय, साहेब."

"मेसटिन?"

"लंगरच्या डाळीत डाळ शोधायला पण बॉम्ब डिस्पोजल लागेल, साहेब."

"हाऊसवाइफ?"

"खोलीचे पत्रे गळतायत. मेव्हणा येऊन बसलाय, तो उठायचं नाव घेत नाय. आईला एका डोळ्यानं दिसत नाय. भावाला मिलमधून काढून घरी बसवलाय."

"आणि याशिवाय?"

"याशिवाय काय असणार, साहेब? एवढं पुरे नाय काय?"

जाधव मान डोलवायचे आणि म्हणायचे, "फिट."

त्याच्या शेजारची खाट तावडेची, नाईक हुद्द्यावरच्या. लालबागचा पोरगा, घरचे मूळ मालवणकडचे. त्याचं किट असं मांडलेलं, की पट्टी घेऊन मोजावं. सराव करताना त्याचा हात डिटॅचमेंटमध्ये सगळ्यात हलका. सहाही प्रश्नांना एकच उत्तर: "ठीक आहे, साहेब." सातव्याला थोडा थांबायचा. मग पुन्हा, "सगळं ठीक आहे, साहेब." जाधव त्याच्याकडे बघत राहायचे आणि तसेच उठायचे. 'फिट' म्हणायचे नाहीत.

मला हा सगळा प्रकार गबाळा वाटला. माणूस कामाला लायक आहे की नाही हे नीट पद्धतशीर ठरवता येईल, असं मी ठरवलं. एका रविवारी बसून तक्ता आखला. प्रत्येक जवानाच्या नावापुढे सहा रकाने, प्रत्येक रकान्याला शून्य ते पाच गुण. जेवढा त्रास जास्त तेवढे गुण जास्त. शेवटी बेरीज. सावंतला तिसातले एकवीस पडले, तावडेला शून्य. म्हणजे सावंतला घरी पाठवावं आणि तावडेला पुढच्या कामावर न्यावं. तक्ता मी मोठ्या ऐटीत जाधवांपुढे ठेवला.

त्यांनी बोट फिरवत तो पूर्ण वाचला. मग हसले.

"पाठारे, बेरीज बरोबर आहे तुझी. सावंत रात्री कसा झोपतो?"

"घोरतो, साहेब."

"आणि तावडे?"

मी तक्त्यात बघितलं. झोपेच्या रकान्यात शून्य होतं.

"दोन आठवडे झोपलेला नाही. मी फेरी मारतो तेव्हा डोळे मिटून पडलेला असतो. पण श्वास जागा असतो." त्यांनी तक्त्याची घडी करून मला परत दिली. "किती आहे ते मोजू नको. जागच्या जागी आहे का ते बघ. सावंतचं पत्र्याचं दुखणं पत्र्यापाशी आहे. ते त्याच्या झोपेत उतरत नाही, हातात उतरत नाही. तावडेला आपलं कुठं दुखतंय तेच ठाऊक नाही. म्हणून ते सगळीकडे आहे."

मला पटलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान म्हणून मी ते सोडून दिलं.

दहा दिवसांनी सरावाच्या वेळी तावडेने फ्यूजची कॉलर, म्हणजे तो धरून ठेवणारी कडी, सोडवायच्या ऐवजी आवळली. निकामी फ्यूज होता, नुसता टक् असा आवाज झाला. पण तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तावडेने पाना खाली ठेवला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, मला डिस्चार्ज द्या. सगळंच बिघडलंय माझं."

"सगळं म्हणजे काय?"

"सगळं, साहेब."

"असं नाही चालत. किट मांड."

भरदुपारी, वार बुधवार, त्याने ब्लँकेट अंथरलं. जाधव खाटेवर बसले. या वेळी ते एका वस्तूवरून दुसरीवर गेलेच नाहीत. मेसटिन हातात धरून बसले.

"जेवण?"

"चव लागत नाय."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार आठवडे."

"पहिल्यांदा कुठल्या दिवशी नाही लागली?"

तावडे विचार करू लागला. मग मच्छरदाणी. पहिली जागी रात्र कोणती? मग बाटली. सोबत्यांशी बोलणं कधी सुटलं? मग पट्टा. हातावरचा भरवसा कधी गेला? पाऊण तास चाललं. सगळी उत्तरं एकाच रविवारपाशी येऊन थांबली. त्या रविवारी तो वर्दीतच घरी गेला होता. त्यांच्या चाळीतला शेजारचा पोरगा मोर्चात गोळी लागून गेला होता. बापाने तावडेचं ताट पंगतीतून उचललं आणि बाहेर गॅलरीत नेऊन ठेवलं. तावडे ते जेवला, हात धुतला आणि परत आला. कुणाला काही बोलला नाही.

"बस, एवढंच आहे," जाधव म्हणाले.

"एवढंच कसं, साहेब?" तावडे रडत होता.

"मोठं आहे. पण एक आहे."

पुढच्या रविवारी दुपारी चारला जाधव मला घेऊन लालबागला गेले. ते सदरा-लेंग्यात, मी शर्ट-पँटमध्ये. तावडेचा बाप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता, रापलेला, रुंद हाडाचा. त्याने जाधवांचं नाव-गाव विचारलं, त्यावरून जात ताडली, क्षणभर थांबला, मग आत वळून पाणी मागवलं. जाधव पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"पोराचा राग आहे का तुम्हाला?"

"माझो झील वाईट नाय ओ," बाप म्हणाला. "पण ती वर्दी बघितली की माका शेजारचो पोर दिसता. त्येची आवस रोज ह्या दारासमोरसून जाता. तिच्या डोळ्यांदेखत माझ्या पंगतीक वर्दी कशी बसवू?"

"म्हणजे वर्दी नको. पोरगा हवाय?"

म्हाताऱ्याने बाहेर गॅलरीकडे बघितलं. "झील नको असा कोण म्हणात?" तो म्हणाला. "साध्या कपड्यात येव दे. माझ्या बाजूक बसान जेवांदे."

त्यानंतरच्या रविवारी तावडे साध्या कपड्यांत घरी गेला. सोमवारी सकाळी त्याने लंगरमध्ये चार चपात्या घेतल्या आणि डाळ पातळ असल्याची तक्रार केली. त्या रात्री मी मुद्दाम फेरी मारली. तावडे घोरत होता. बुधवारी त्याने डोळे बांधून फ्यूज सोडवला. बापाची गाठ सुटली आणि बाकीचं कुणी हात न लावता आपापल्या जागी गेलं. त्या सोमवारच्या रात्री त्याचं घोरणं ऐकत मी अंधारात खाटेजवळ उभा राहिलो होतो. बॉम्बच्या आत काय असतं त्याचे नकाशे मी पाठ केले होते. माणसाच्या आतलं असं कुणी वाचताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तोही चौथी शिकलेला.

तक्ता मी चुलीत टाकला. जाधवांना विचारलं, "म्हणजे गाठ सापडली की प्रत्येक जण सुटतो?"

"नाही रे. काही जणांचं पसरलेलं परत गोळा होत नाही. त्याला कामावर न्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात."

आमचा नियमही तोच होता. जो जवान प्रत्यक्ष बॉम्बवर जाणार, त्याचं किट निघण्याआधी बघायचं. नंबर वन म्हणजे फ्यूजला हात लावणारा. डिटॅचमेंटमध्ये नंबर वनचा कोर्स दोघांचाच झालेला होता, जाधवांचा आणि माझा. आजवर प्रत्येक वेळी तेच गेले होते.

होळी होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बंदरातून फोन आला. ओहोटी लांब गेली होती आणि कुर्ल्या धरणाऱ्या एकाला चिखलात बॉम्ब दिसला होता. आम्ही दुर्बिणीतून बघितला. अडीचशे पौंडी, तिरका रुतलेला, नाक वर. एका बाजूला साडेतीनशे यार्डांवर तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला जेट्टी. जागेवर उडवणं शक्य नव्हतं. साडेनऊच्या पुढे पाणी तिथवर परत येणार होतं. आमच्या तुकडीवरचे कॅप्टनसाहेब कुलाब्याला होते. फोनवर म्हणाले, "यायला मला दीड तास लागेल. थांबू नका. नंबर वन कोण ते तुम्ही दोघं ठरवा."

जाधव आपल्या खाटेकडे गेले आणि ब्लँकेट अंथरलं.

"पाठारे, माझं किट बघ."

"साहेब?"

"जाणाऱ्याचं बघायचं असतं. आज मी जाणार आहे. तू बघ. नापास केलंस तर तू जाशील."

सुभेदाराचं किट हवालदार तपासत नाही. मी खाटेच्या कडेला बसलो. बूट उचलला.

"गुडघा," जाधव म्हणाले. "बर्मात लागलेला. चिखलात बसलो की उठायला वेळ लागतो."

मेसटिन.

"पित्त झालंय. काल रात्री जेवलो नाही."

हाऊसवाइफ. ती हातात घेऊन मी वाट बघत राहिलो.

"मोठा भाऊ क्षयाच्या हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणतात, आठवडा. पोरगा कॉलेजात आहे, मोर्चात जातो. तीन दिवस घरी आला नाही. पकडलाय की लपलाय, कळत नाही. गावी आई आहे. आम्ही बौद्ध झाल्यापासून गावानं पाणी बंद केलंय. सत्तरीची बाई दीड कोसावरून हंडा आणते." थोडं थांबून म्हणाले, "बायको ठणठणीत आहे. तिच्या जिवावर तर चाललंय."

मच्छरदाणी.

"तीन तास."

बाटली.

"तुम्ही सगळे आहात. तक्रार नाही."

पट्टा.

"आठ महिन्यांनी पेन्शन. पुढे काय, माहीत नाही."

मी ब्लँकेटवर हात ठेवला. "आणि याशिवाय?"

त्यांनी बरगडीखाली हात ठेवला. "भीती आहे. इथं असते. आजचीच नाही, रोजची. सतरा वर्षं झाली." मग माझ्याकडे बघून, नेहमीच्या सावकाश आवाजात, "याशिवाय काही नाही."

सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. माझ्या तक्त्यात हा माणूस सगळ्यात वर गेला असता. इतकं एकाच वेळी अंगावर असलेला माणूस मी बघितला नव्हता. आणि इतका नीट मांडलेलाही. प्रत्येक गोष्ट आपल्या घडीत होती, एकीचं टोक दुसरीवर पडलं नव्हतं. मी उठून सॅल्यूट केला आणि म्हणालो, "फिट, साहेब."

तावडेचं किट बघून जाधवांनी त्याला फिट म्हटलं आणि सात चाळीसला ते दोघं फळ्या टाकत चिखलातून बॉम्बपाशी पोचले. मी तीनशे यार्डांवर वाळूच्या पिशव्यांमागे. कानाला टेलिफोन, मांडीवर लॉगबुक. नंबर वन जे करतो ते प्रत्येक पाऊल तोंडाने सांगतो आणि मागचा लिहून घेतो. काही झालं तर पुढच्याला कुठवर काय केलं होतं ते कळावं, म्हणून. ते लॉगबुक पुढे चौकशीत गेलं. त्याची नक्कल मी काढून ठेवली होती.

०७५२. खणतोय. नाकाचा फ्यूज दिसला. गंजलाय.

०८११. तेल सोडलं. वीस मिनिटं थांबतो. उजव्या टाचेला चावतायत. नवे बूट.

०८३४. कॉलर हलली.

०८४९. नाकाचा फ्यूज बाहेर. तावडे घेऊन येतोय. त्याला पाणी द्या.

०८५५. शेपटीकडे पण एक आहे.

त्यावर मी म्हणालो, "साहेब, परत या. पाणी फिरलंय."

"किती वेळ आहे?"

"पस्तीस-चाळीस मिनिटं."

"सोडला तर पाण्यानं उलटून जेट्टीखाली जाईल. मग तिथं कोण उतरणार? लिही."

०९०८. कॉलर ठिसूळ आहे. हळू घेतो.

०९१६. दोन आटे सुटले.

तो आवाज कसा होता ते मी बऱ्याच जणांना सांगायचा प्रयत्न केला आहे. रेशनची यादी वाचावी तसा. भाऊ मरायला टेकला होता, पोरगा बेपत्ता होता, आई उन्हात हंडा घेऊन चालत होती, पोटात भीती होती, आणि यातलं काहीही त्या आवाजात नव्हतं. ते कुठे गेलं नव्हतं. दोन तासांपूर्वी मी ते सगळं स्वतःच्या हातांनी उचलून बघितलं होतं. ते सगळं त्यांच्याबरोबर चिखलात बसलं होतं, आणि हात मोकळे होते. मला बुद्ध, देव, कशातलंच फारसं कळत नाही. पण त्या आवाजापुढे मी लहान झालो, हे खरं.

०९१९. लिही, पाठारे. तिसरा.

लॉगबुकमध्ये पुढे काही नाही.

चिखल बराच वेळ पडत होता, आमच्या पिशव्यांवर, शेडच्या पत्र्यांवर. बगळे उठून लांब गेले. टाक्या उभ्या होत्या. जेट्टी उभी होती. दुसऱ्या कुणाला ओरखडाही नव्हता. तावडे पळत निघाला तेव्हा मी त्याला कंबरेत धरलं आणि सावंतने पाय धरले. मी टेलिफोन खाली ठेवला नव्हता. दरम्यान पोचलेल्या कॅप्टनसाहेबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

सुभेदारीणबाई, म्हणजे ताराबाई, मिलच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. अकराच्या सुमारास आम्ही गेटवर निरोप पाठवला. ताराबाई बाहेर आल्या तेव्हा केसांत कापूस होता. आम्हा दोघांना बघून त्या थांबल्या. कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून सांगितलं. त्यांनी गाडीत बसायला नकार दिला. परळच्या खोलीपर्यंत चालत गेल्या आणि आम्ही मागून चालत गेलो. खोलीत भिंतीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, किती वाजता?"

"नऊ एकोणीस, वहिनी."

"बोलत व्हते?"

"शेवटपर्यंत. लिहिलंय मी."

"वाचा."

मी वाचलं. बायकांनी दार भरलं होतं, कुणी हुंदका देत नव्हतं. आठ अकराच्या नोंदीपाशी त्यांनी हात वर केला. "टाच? म्या सांगितलं व्हतं. आधी फडकं भरून ठेवा म्हनलं, रातभर." आणि तिथे त्या फुटल्या. मरण सांगितल्यावर नाही, बूट टाचेला चावत होते हे ऐकून. पुढचं मी थोड्या वेळाने वाचलं.

मग त्यांनी विचारलं, "जायच्या आधी इचारलंत त्यांना? शनिवारचं?"

"विचारलं."

"काय म्हनले?"

मी एकेक सांगितलं. गुडघा, पित्त, भाऊ, पोरगा, आई. त्या मान हलवत होत्या. तुमच्या जिवावर चाललंय म्हणाले, हेही सांगितलं. शेवटी सातव्याचं उत्तर सांगितलं.

ताराबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "भीती?"

"रोज असते म्हणाले. सतरा वर्षं."

"मला कधी नाय बोलले," त्या म्हणाल्या. बराच वेळ पदर चिमटीत धरून बसल्या. "बरं झालं, भाऊ. कुनाला तरी बोलले."

मुलगा त्याच संध्याकाळी सुटून आला आणि त्यानेच अग्नी दिला. मोठा भाऊ पाचव्या दिवशी गेला. चौकशीचा निकाल आला: शेपटीचा फ्यूज आतून कुजलेला होता, हाताची चूक नाही, कुणाच्याही हातात फुटला असता. हे वाक्य माझ्या समाधानासाठी कॅप्टनसाहेबांनी मला दोनदा वाचून दाखवलं. कुणाच्याही म्हणजे माझ्याही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पुढे राज्य झालं, मुंबईसह झालं. लालबागला रोषणाई होती तेव्हा तावडे बापाबरोबर रस्त्यावर होता. आम्ही तिघं, तावडे, सावंत आणि मी, दर वर्षी होळीनंतर दोन दिवसांनी शिवडीच्या बंधाऱ्यावर जमतो. आता सावंत काठी टेकत येतो आणि तक्रारी सांगतो. नऊ एकोणीसला आम्ही उभे राहतो. सुभेदार सोनू जाधव, असं पूर्ण नाव मोठ्याने घेतो. तिथल्या कामगारांच्या आता आम्ही ओळखीचे झालो आहोत. ते थांबतात.

मी त्यांना फिट म्हणालो, आणि ते फिट होते. यात मला कधी शंका आली नाही. पण नापास केलं असतं तर चिखलात मला जावं लागलं असतं, आणि 'फिट' हा शब्द तोंडातून बाहेर पडताच मला जे सुटल्यासारखं वाटलं ते आजही आठवतं. त्या सकाळी माझं किट कुणी बघितलं असतं तर मी सातही वेळा ठीक आहे म्हणालो असतो. मी भ्यालो होतो. जाधवांनी आपली भीती सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सांगितली आणि ते कामाला गेले. मला माझी सांगायला एवढी वर्षं लागली.